भोकरदन ते पोत्सुओली : शिडाच्या बोटीतून एका जुन्या बंदरात

  ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातले 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

विषय ऐकून काही जण हसतील. अंबडचा माणूस आणि यॉट! आमच्याकडे पाण्याचं म्हणाल तर जायकवाडीचा डावा कालवा, आणि माशाचं म्हणाल तर माशाच्या आकाराची टेकडी, जिच्यावर आमची मत्स्योदरी देवी बसलीय. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पण आज मी तुम्हाला असं सांगणार आहे की इटलीतल्या पोत्सुओली नावाच्या दोन हजार वर्षं जुन्या बंदराची गोष्ट आपल्या जालना जिल्ह्याला वगळून पुरी होत नाही. आणि ते बंदर बघायचंच असेल तर पाण्यावरून जाऊन बघण्यात काय फायदा आहे, ते कसं जमतं, किती खर्च येतो, हेही सांगतो.

आधी ती हस्तिदंती बाई

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. १९३८ साली अमेदेओ मायुरी हे पुरातत्त्वज्ञ तिथं खोदकाम करत होते. शहराच्या मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या एका घरात त्यांना एक छोटी हस्तिदंती मूर्ती मिळाली. उंची साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी जास्त. मूर्ती इटलीची नव्हती, ग्रीकही नव्हती. गळ्यात भरगच्च माळा, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जाड वाळे, आणि दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान घेऊन उभ्या असलेल्या दोन लहान दासी. कुठल्याही मराठी माणसानं बघितली तर तो लगेच म्हणेल, ही तर आपल्याकडची.

मायुरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि 'पॉम्पेईची लक्ष्मी' हेच नाव पुढं चालू राहिलं. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. डोक्यापासून खाली मूर्तीत एक भोक पाडलेलं आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावा, असे अंदाज आहेत. म्हणजे देव्हाऱ्यातली नव्हे, श्रीमंताच्या घरातली शोभेची वस्तू.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जालन्याच्या उत्तरेला केळना नदीच्या काठी भोकरदन आहे. तिचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांसाठी ज्यांनी दान दिलं त्यांच्या कोरीव नोंदींमध्ये 'भोगवर्धनचा', 'भोगवर्धनची' अशी माणसं सापडतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला पैसा होता आणि गावाबाहेर ओळखही होती. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नावानं त्याचा अहवाल १९७४ ला निघाला. त्या उत्खननात पॉम्पेईच्या बाईशी अगदी जवळचं नातं सांगणारं हस्तिदंती काम मिळालं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तशीच एक बाई मिळाली आहे.

डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी म्हणूनच मत मांडलं की पॉम्पेईची मूर्ती मथुरेची नसून भोकरदनच्या कारागिरांची असावी. याच्या उलट बाजूचा पुरावाही सांगतो. मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलेलं आहे आणि ही लिपी चालायची वायव्येला, म्हणजे आजच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या भागात. त्यामुळे काही अभ्यासक तिचं मूळ तिकडे शोधतात. एक अक्षर व्यापाऱ्यानंही कोरलं असेल, जोडणाऱ्या कारागिरानंही. वाद मिटलेला नाही. पण त्या वादात भोकरदनचं नाव जगभरच्या अभ्यासकांना घ्यावं लागतं, आणि आपल्या बसस्थानकावर विचारलं तर दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं. मला हे टोचतं, म्हणून हा भाग.

माल कसा जायचा

इथं एक पुस्तक आपल्या मदतीला येतं. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेली ही मार्गदर्शिका आहे. त्याचं नाव आपल्याकडे आलेलं नाही, पण गडी चोख आहे. कुठल्या बंदरात काय विकतं, काय मिळतं, कुठं खडक आहेत, सगळं लिहितो. तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर. तिथून गाड्यांमध्ये भरून, रस्ता धड नसलेल्या मुलखातून माल भडोचला येतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड, तेरहून कापड. भडोचहून जहाजात चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे.

भोकरदन हे पैठणहून अजिंठ्याच्या बाजूनं उत्तरेला उज्जैनकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरचं गाव. तिथला माल भडोचला निघाला की पुढचा प्रवास असा :

भडोचहून जहाज डिसेंबर-जानेवारीत सुटायचं, कारण तेव्हा वारं ईशान्येकडून वाहतं आणि जहाजाला आपोआप अरबस्तानाकडे ढकलतं. तिकडून येणारी जहाजं जुलैत निघायची, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर. म्हणजे ज्या पावसाची आपण मृगापासून वाट बघतो, तोच वारा रोमन व्यापाऱ्यांना आपल्याकडे आणायचा.

जहाज तांबड्या समुद्रात इजिप्तच्या बेरेनिके किंवा मायोस होर्मोस या बंदरांना लागायचं. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय रांजणात भरलेली साडेसात किलो काळी मिरी मिळाली आहे आणि अलीकडे संगमरवरी बुद्धमूर्तीही. तिथून उंटांवर बारा दिवस वाळवंट ओलांडून नाईल नदी. मग होडीनं अलेक्झांड्रिया. वाटेत रोमन सरकारची जकात किती? चौथा हिस्सा. पंचवीस टक्के!

अलेक्झांड्रियाहून इटलीला जाणारी मोठी जहाजं प्रामुख्यानं गव्हाची असायची, आणि त्यांचं इटलीतलं मोठं बंदर होतं पुतेओली. तेच आजचं पोत्सुओली. इटलीहून इजिप्तला जाताना वारा पाठीशी, त्यामुळे प्लिनी लिहितो की एक जहाज नऊ दिवसांत पोचलं. उलट येताना उन्हाळ्यात वारा तोंडावर, मग महिना-दोन महिने. सेनेका या लेखकानं एका पत्रात वर्णन केलंय की अलेक्झांड्रियाची जहाजं दिसली की पुतेओलीचं सगळं गाव धक्क्यावर जमायचं आणि शिडांवरून लोक ओळखायचे, ती बघा आली. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी पहिली बैलगाडी दिसल्यावर जशी गडबड उडायची, तसंच म्हणा.

हाच प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतो. सेस्टर्स हे तिथलं नाणं. नवल असं की हा प्लिनी पोत्सुओलीजवळच्या मिझेनोला आरमाराचा प्रमुख होता आणि व्हेसुव्हियस फुटला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला तो परत आलाच नाही. ज्या राखेनं आपली बाई जपून ठेवली, त्याच उत्पातात तिच्या आयातीबद्दल कुरकुर करणारा माणूस गेला.

यॉट म्हणजे नेमकं काय, आणि आपल्याला परवडते का

यॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली पांढरी शुभ्र बोट येते. तशा असतात, पण बहुतेक लोक जी घेतात ती साधी शिडाची बोट असते. चाळीस फूट लांब, एक डोलकाठी, दोन शिडं, मदतीला एक डिझेल इंजिन. आत तीन-चार छोट्या खोल्या, एक ओटा, एक-दोन संडास. एसटीच्या स्लीपर बसमध्ये स्वयंपाकघर घातलं तर जसं दिसेल, साधारण तसं.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी सप्टेंबरात आठवड्यासाठी बोट भाड्यानं घेतली होती. एक जण गळाला आणि याचा फोन आला, "मामा, तुम्ही त्या भोकरदनच्या मूर्तीबद्दल सारखं सांगत असता ना, मग या की बघायला." तर असा मी गेलो.

हिशेब सांगतो. नेपल्सच्या उपसागरातल्या प्रोचिदा बेटावर किंवा सालेर्नोला बोटी भाड्यानं मिळतात, बहुधा शनिवार ते शनिवार. जुलै-ऑगस्टला भाव चढे, सप्टेंबर अखेरीला उतरलेले. आम्हा सहा जणांत भाडं वाटून माणशी सहाशे युरोच्या आसपास पडलं. त्यावर धक्क्याचं भाडं, डिझेल, किराणा आणि कप्तानाचं मानधन. बोट चालवायचा परवाना तुमच्यापैकी कुणाकडे नसेल तर स्थानिक कप्तान घ्यावाच लागतो, आणि असला तरी घ्यावा असं मी म्हणेन, कारण वारा आणि तळ त्याला माहीत असतो. भारतातून जाणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो, त्याची फी नव्वद युरो, शिवाय किमान तीस हजार युरोचा आजारपणाचा विमा. स्वस्त नाही. पण टूर कंपनीच्या 'युरोप दहा दिवस'च्या पुढं जात नाही.

पोहता येत नसलं तरी चालतं. लाईफ जॅकेट घाला आणि लाजू नका. मळमळेल अशी भीती असेल तर आत झोपून राहू नका. बाहेर बसा, क्षितिजाकडे बघा, आल्याचा तुकडा चघळा. बोटीतली शेगडी कड्यांवर टांगलेली असते, बोट कलली तरी ती सरळ राहते, पातेलं सांडत नाही. त्या झुलत्या शेगडीवर मी दोनदा खिचडी केली आणि दोन्ही वेळा पातेलं धुतल्यासारखं साफ झालं. टाकीतलं गोडं पाणी मात्र मोजून वापरायचं. हे आम्हा मराठवाड्याच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

पाण्यावरून येताना काय दिसतं

प्रोचिदाहून पोत्सुओली पाच-सहा सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे नऊ ते अकरा किलोमीटर झाले. शिडावर सव्वा-दीड तास. उन्हाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वाहू लागतो, म्हणून आम्ही जेवण उरकून निघालो.

गाडीतून गेलात तर पोत्सुओली हे नेपल्सला चिकटलेलं गर्दीचं गाव वाटतं. बंदर म्हणून ते का वसलं, हे जमिनीवरून कळत नाही. पाण्यावरून ते एका नजरेत कळतं. आधी मिझेनोचं भूशिर लागतं, सपाट माथ्याचं, आपल्या देवगिरीसारखं ओळखता येणारं. ते ओलांडलं की बोट एका गोल खाडीत शिरते. बाहेर लाटा असल्या तरी आत पाणी एकदम निवळतं. डावीकडे बाया, जिथं रोमन श्रीमंतांचे बंगले होते. समोर उंच खडकावर जुनं गाव, त्याला रिओने तेर्रा म्हणतात. आणि मागे, दूर, व्हेसुव्हियस. दोन महिने वारा तोंडावर घेऊन आलेल्या खलाशाला हे निवांत पाणी दिसल्यावर काय वाटलं असेल, याचा थोडा अंदाज मला तिथं आला.

ही खाडी गोल का? कारण ती ज्वालामुखीचं तोंड आहे. कांपी फ्लेग्रेई नावाच्या मोठ्या ज्वालामुखीचा निम्मा भाग जमिनीवर, निम्मा पाण्याखाली. बंदराला आडोसा देणारी जागा आणि बंदराला धोका देणारी जागा एकच आहे. याच मातीनं रोमन लोकांना आणखी एक गोष्ट दिली. इथली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की पाण्यातसुद्धा घट्ट होणारं काँक्रीट बनतं. पोत्सुओलीवरूनच त्या राखेला पोझोलाना म्हणतात. आज आपल्याकडच्या सिमेंटच्या पोत्यावर 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट' असं लिहिलेलं असतं ना, तो शब्द या गावाचा! रोमनांनी या काँक्रीटचे खांब समुद्रात उभे करून कमानींचा धक्का बांधला. आजचा धक्का त्याच जुन्या खांबांवर चढवलेला आहे.

बायाच्या बाजूला मात्र बोट कुठंही नेता येत नाही. जमीन खचून रोमन बंगले पाण्याखाली गेलेत, फरश्यांवरची चित्रं शाबूत आहेत. तो सगळा भाग २००२ पासून राखीव आहे. काही पट्ट्यांत बोट न्यायला आणि नांगर टाकायला बंदी आहे. नकाशा आधी बघून घ्यायचा.

धक्क्याला लागणं : हातभर भरती

आता एक गोष्ट जी आपल्या कोकण किनाऱ्यापेक्षा पूर्ण वेगळी आहे. भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. पाठ करून लावतात. कप्तान बोट उलटी चालवत आणतो, मागची बाजू धक्क्याजवळ आली की दोन दोर धक्क्यावर बांधायचे, आणि पुढच्या टोकाला तळाशी बांधलेला एक दोर पाण्यातून उचलून ताणून घ्यायचा. बोटी गोठ्यातल्या जनावरांसारख्या ओळीनं उभ्या राहतात. मग मागून एक फळी टाकली की तुम्ही थेट गावच्या रस्त्यावर. पाच पावलांवर मासळीबाजार.

हे तिथं जमतं कारण भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हातभर. मुंबईला तो चार-पाच मीटर जातो. त्यामुळे आपल्याकडे धक्का गावाला चिकटून ठेवणं अवघड. हर्णैला मचवे पाण्यात लांब उभे राहतात आणि मासळी बैलगाडीतून काठावर आणतात, त्याचं कारण हेच. खंभातच्या आखातात तर फरक दहा मीटरच्या घरात जातो. पेरिप्लसचा लेखक, ज्यानं हातभर भरती बघत आयुष्य काढलं, तो भडोचच्या भरतीचं वर्णन करताना हादरलेला दिसतो. पाणी फौजेसारखा आवाज करत येतं आणि अनोळखी जहाजं उलथून टाकतं, अशा अर्थाचं तो लिहितो. म्हणून तिथल्या राजानं स्थानिक कोळी नेमले होते. ते 'त्राप्पगा' आणि 'कोटिंबा' नावाच्या मोठ्या होड्या घेऊन पुढे जायचे आणि परदेशी जहाजांना ओढून आत आणायचे.

म्हणजे बघा, भोकरदनच्या त्या हस्तिदंतापासून पोत्सुओलीच्या धक्क्यापर्यंत किती हात लागले असतील. कोरणारा, गाडीवान, भडोचचे कोळी, खलाशी, वाळवंटातले उंटवाले, नाईलचे नावाडी, हमाल. यातल्या एकाचंही नाव उरलेलं नाही. उरली ती बाई.

बंदर जे पाण्याबाहेर येतंय

पोत्सुओलीच्या भर बाजारात एक खड्ड्यासारखं मैदान आहे. तिथं रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. जवळ गेलात की दिसतं, खांबांच्या मधल्या भागात बारीक बारीक भोकं आहेत. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली. म्हणजे हे खांब कोरड्या जमिनीवर बांधले, मग जमीन खचून ते कित्येक मीटर समुद्रात बुडाले, आणि मग जमिनीबरोबर पुन्हा वर आले. न पडता! चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञानं १८३० मध्ये आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं, जमीन हळूहळू वरखाली होते याचा पुरावा म्हणून.

हे जुनं झालं असं समजू नका. १९७० मध्ये रिओने तेर्राची सगळी वस्ती सरकारनं उठवली. १९८२ ते १९८४ मध्ये जमीन सुमारे १.८ मीटर वर आली आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली. २००५ पासून ती पुन्हा वर येतेय, आतापर्यंत सुमारे दीड मीटर. मे २०२४ मध्ये तिथं ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला. गावातल्या मच्छीमारांच्या छोट्या गोदीत पाणी इतकं कमी झालंय की होड्या चिखलात टेकलेल्या असतात. आमचा कप्तान म्हणाला, "नकाशातल्या खोलीवर इथं कुणी विश्वास ठेवत नाही, आम्ही फोन करून विचारतो." पाहुण्या बोटींना जागाही मोजकीच, तेव्हा तुम्हीही आधी फोन करूनच जा.

धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला भाच्यानं मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, की भीती नाही वाटत? त्यानं हातानं खाली-वर अशी खूण केली आणि परत जाळ्याकडे वळला. भीती वाटून करणार काय? आमचे दुष्काळी गावातले म्हातारे आभाळाबद्दल बोलताना अगदी अशीच खूण करतात.

बाईची भेट, आणि आपल्या पांढरीचं काय

पोत्सुओलीहून मेट्रोची दोन नंबरची गाडी थेट नेपल्सच्या पियात्सा कावूर स्टेशनला जाते. तिथं समोरच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. मंगळवारी बंद. बाई ज्या दालनात ठेवलेली असते त्याला 'गुप्त कक्ष' म्हणतात. पॉम्पेईच्या शृंगारिक वस्तू तिथं आहेत. दालन त्या दिवशी उघडं आहे का, हे तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

काचेपलीकडची ती बाई अपेक्षेपेक्षा लहान आहे. मागच्या केसांच्या वेण्या, त्यात माळलेले दागिने, सगळं इतकं बारीक कोरलेलं की मागूनही बघावं लागतं. शेजारी एक शाळेची सहल होती. बाई शिकवत होत्या : ही भारतातून आली. पोरं वहीत लिहीत होती. भारतातून म्हणजे कुठून, हे त्यांना सांगायला आपण तिथं नसतो.

उलट्या दिशेचा मालही आपल्याकडे आहे, बरं का. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी! तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यातून आज तिथं शासकीय संग्रहालय उभं आहे. पैठणलाही आहे. तेव्हा युरोपला जमो न जमो, तेर आणि पैठण एका दिवसात एकेक होतं.

पण खरी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे जुन्या गावाची 'पांढरी' असते. पांढुरक्या मातीचं ते टेकाड म्हणजे शेकडो वर्षांच्या पडलेल्या घरांचा थर. तीच माती आपण धाब्यावर टाकायला नेतो, शेतात खत म्हणून टाकतो, आता तर जेसीबी लावून ट्रॅक्टर भरतो. त्यात मणी, खापरं, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे जातात. पोत्सुओलीची जमीन तिथल्या लोकांच्या हातात नाही, तरी त्यांनी तीन खांब जपलेत. आपली पांढरी तर पूर्ण आपल्या हातात आहे.

काय करता येईल? फार नाही, तीन गोष्टी. पांढरी खोदताना काही निघालं तर तहसील कार्यालयात कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत सापडलेल्या मौल्यवान जुन्या वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणं बंधनकारक आहे, आणि कळवणाऱ्याचा हक्कही त्यात धरलेला आहे. दुसरं, वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नका आणि कुठल्या जागी, किती खोल मिळाली ते लिहून ठेवा. जागेशिवाय वस्तू मुकी होते. पॉम्पेईच्या बाईला तारीख मिळाली ती राखेच्या थरामुळेच. तिसरं, शाळेची सहल काढताना वॉटर पार्कच्या आधी भोकरदन धरा. केळनेच्या काठी लेणीही आहे.

आणि कधी एखाद्या परदेशी बंदरात उतरलात, बोटीनं किंवा साध्या मेट्रोनं, तर तिथल्या संग्रहालयात एकच प्रश्न घेऊन फिरा : हे इथं आलं कुठून? उत्तर कधी कधी आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्याचं नाव निघतं.

भोकरदन परिसरातल्या ऐकणाऱ्यांनी १९७३ च्या उत्खननाच्या आठवणी घरातल्या जुन्या माणसांना विचारून मला जरूर पाठवाव्यात. त्यावर पुढे एक भाग करू. तोवर येतो. राम राम.